सात हजार आरपीएमच्या वर फिरणारं जुनं इंजिन बांधायचंय? आधी वही काढा

माझ्याकडे जुनी गाडी घेऊन येणारी पोरं बोलायला सुरुवात करतात ती कॅमपासून, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापासून. "काका, एक मस्त कॅम मिळतोय, टाकूया का?" माझा प्रश्न ठरलेला: किती आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) फिरवणार, आणि किती वर्षं टिकायला हवंय? कॅम कुठला घ्यायचा ते या दोन उत्तरांनंतर. त्याआधी घेतलेला कॅम म्हणजे मुलगी बघायच्या आधीच हॉल बुक केल्यासारखं.

मी रत्नागिरीत पोटापाण्यासाठी ट्रॉलरची डिझेल इंजिनं बांधतो. मिरकरवाड्याच्या बोटीचं इंजिन रात्र-रात्र एका लयीत चालतं. त्यात थोडी ढिलाई राहिली तर ते आधी धूर काढतं, कुरकुरतं, तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, बंदरात परत यायला वेळ देतं. सात हजारांवर फिरणारं पेट्रोल इंजिन असा वेळ देत नाही. बेअरिंगला अर्धा सेकंद ऑइल मिळालं नाही की ब्लॉकला खिडकी पडते, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणारा रॉड तुटून आतून भोक पाडतो. म्हणून ही सगळी बांधणी खालून वर करायची: आधी ऑइल, मग बोल्ट आणि बेअरिंग, मग बोअर (सिलिंडरचं भोक), मग हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग). ताकद शेवटी.

उदाहरणाला होंडा सिटीचं जुनं १.५ व्हीटेक इंजिन (व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची रचना) घेतो, कारण माझ्या हाताखालून जास्त तीच गेली. चार दरवाजांची गाडी, तिला स्पोर्ट्स कार म्हणायला काहींची जीभ अडखळेल. पण १४९३ सीसीत १०६ अश्वशक्ती, तीही ६८०० आरपीएमला. आंबा घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ती चालवलेल्या माणसाशी मी या विषयावर वाद घालत नाही. जिप्सी, एस्टीम किंवा बाहेरून आलेली एखादी दोन सीटची जुनी गाडी असेल तरी पद्धत हीच, आकडे तेवढे आपापले.

आकडा कुठून काढायचा

स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) मिलिमीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ३०,००० ने भागा. पिस्टनचा सरासरी वेग मीटर प्रति सेकंदात मिळतो. सिटीचा स्ट्रोक ८४.५. म्हणजे ७२०० ला २०.३, आणि पोरांना हव्या असलेल्या ८००० ला २२.५. जिप्सीच्या १.३ चा स्ट्रोक ७५.५, त्यामुळे ते इंजिन ८००० ला गेलं तरी वेग २०.१ च राहतो. मग कोणीतरी होंडा एस२००० चं नाव काढतो. ८४ चा स्ट्रोक, ९००० आरपीएम, म्हणजे २५.२. हिशोब खरा आहे, पण त्या इंजिनाचे फोर्ज्ड (घडीव) पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती कारखान्यातच त्या वेगासाठी केलेल्या आहेत. मूळचे कास्ट (ओतीव) पिस्टन आणि मूळचे रॉड ठेवायचे असतील तर मी २० च्या आसपास थांबतो. सिटीत ७२००, आणि ईसीयूतला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला) फ्यूल कट, म्हणजे पेट्रोल तोडायची मर्यादा, हीही तिथेच.

"फक्त आठशेच तर वाढवायचेत" हे वाक्य मी फार ऐकतो. ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. ७२०० वरून ८००० म्हणजे आरपीएम ११ टक्के जास्त, पण रॉडवरची ओढ २३ टक्के जास्त. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ३५० ग्रॅम धरा. ७२०० ला पिस्टन अगदी वर पोचतो त्या क्षणी त्याला खाली खेचायला रॉडला साधारण १,१०० किलोचा जोर लावावा लागतो. सगळ्यात वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटचा, कारण तेव्हा पिस्टनला वरून दाबणारा स्फोटाचा दाब नसतो आणि सगळा ताण रॉडच्या दोन बोल्टांवर येतो.

यातूनच एक गोष्ट निघते जी घाटवाल्यांनी लक्षात ठेवावी. फ्यूल कट तुम्हाला फक्त ॲक्सिलरेटरपासून वाचवतो. उतारावर चौथ्यातून तिसरा टाकायच्या जागी चुकून दुसरा पडला तर चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे ईसीयू काही करू शकत नाही. गिअर लिव्हरचे बुश आणि इंजिन माउंटिंग झिजलेली असतील तर हा घोळ हमखास होतो. म्हणून इंजिनाच्या यादीत मी हे दोन आयटमही धरतो. तीनचारशे रुपयांचा बुश वाचवून इंजिन घालवलेली गाडी मी उघडलेली आहे.

उघडण्याआधी

चालू इंजिन उघडण्याआधी लीकडाउन टेस्ट करा. नुसतं कॉम्प्रेशन बघून भागत नाही. पिस्टन वर आणायचा, प्लगच्या भोकातून हवा भरायची, किती टक्के गळते ते गेजवर वाचायचं. दहाच्या आत असेल तर छान, वीसच्या वर गेलं की कान लावायचा. थ्रॉटलमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा बोअर, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहा. ऑइल गरम असताना आयडलवर आणि ३००० ला दाब किती, तेही लिहा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर जाऊ नका, खरं गेज लावा. बांधणी झाल्यावर तुलना करायला तुमच्याकडे हेच कागद असणार आहेत.

उघडताना प्रत्येक शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी), प्रत्येक टॅपेट, प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते खडूने नको, खोदून किंवा पिशवीत चिठ्ठी घालून ठेवा. जुना शेल हा इंजिनाचा जबाब असतो. एका कडेला जास्त घासलेला असेल तर रॉड वाकडा, मधोमध तांबं दिसत असेल तर ऑइल कमी पडलंय, बारीक उभ्या रेघा असतील तर कचरा फिरलाय. कारण न शोधता नवा शेल बसवला तर तोही तसाच जातो.

कोकणातलं वेळापत्रक

हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि तेव्हाच किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींची इंजिनं उघडतात. त्या दोन महिन्यांत इथल्या कुठल्याही लेथवाल्याकडे कारचं हेड दिलंत तर ते ट्रॉलरच्या क्रँकखाली दबून राहील. माझ्याकडेही तेच होतं, खोटं कशाला सांगू. शिवाय पावसात हवेत इतका ओलावा की होन केलेल्या (दगडाने घासून मापाला आणलेल्या) बोअरवर गंज धरायला चहा पिण्याइतका वेळही लागत नाही.

म्हणून पावसाळ्यात फक्त पार्ट मागवा आणि पैसे जमवा. गणपतीत कोणी कामाला हात लावत नाही, लावूही नये. विसर्जनानंतर इंजिन उतरवा. दसरा-दिवाळीच्या आसपास मशीनिंग, मार्गशीर्षात हवा कोरडी झाली की बांधणी, आणि शिमग्याला गाडी रस्त्यावर. कोणी पंधरा दिवसांत करून देतो म्हणाला तर तो मोजमाप करणार नाही एवढं नक्की.

मशीनिंगचं काम मी सगळं इथे करत नाही. क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं एकत्र डायनॅमिक बॅलन्सिंग आणि टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून होनिंग यासाठी घाट चढून कोल्हापूरला जातो. उद्यमनगरात या कामाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे जाताना मापं तोंडी सांगू नका. पिस्टन सोबत न्या, आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाला करायला सांगा. टॉर्क प्लेट का, तर ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. हेडचे बोल्ट आवळले की लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) किंचित दबून अंडाकृती होतात. प्लेट लावून आवळलेल्या अवस्थेतच होन केलं तर हेड बसल्यावर बोअर गोल राहतो.

बोअर धुणं

सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हे आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. होनिंगनंतर बोअरच्या तिरक्या रेघांमध्ये दगडाची भुकटी अडकलेली असते. पेट्रोल किंवा रॉकेलने धुतलं तर तेलकटपणा जातो, भुकटी तिथेच राहते. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि बोअरच्या मापाचा ब्रश घ्यायचा. पाणी बोअरवेलचं नको, किनाऱ्यालगत ते बहुतेक खारं लागतं. घासायचं, ओतायचं, पुन्हा घासायचं. मग जुन्या धोतराचं पांढरं सुती फडकं तेलात भिजवून बोअरमध्ये गोल फिरवायचं. करडं निघालं की परत साबण. फडकं जसं आत गेलं तसंच पांढरं बाहेर येईपर्यंत हे चालतं, आणि पहिल्या फेरीत ते कधीच येत नाही. ऑइलच्या गॅलऱ्यांचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून आतून बारीक ब्रश घाला. सुकवताना काँप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवा. आपल्याकडे तो नसेल तर पाइपातून हवेबरोबर पाण्याची पिचकारीच येते. सुकल्या सुकल्या लगेच तेलाचा हात. मध्ये फोन आला तरी उचलायचा नाही.

खालचं इंजिन

रॉड बोल्ट नवे, याला पर्याय नाही. चांगल्या प्रतीचे घ्या, आणि बसवल्यावर रॉडचं मोठं भोक पुन्हा गोल करून घ्या, कारण नव्या बोल्टचा आवळ वेगळा असतो आणि भोकाचा आकार बदलतो. बसवण्याआधी प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहा. पुढे कधी उघडलं आणि एखादा बोल्ट दोन-अडीच शतांश मिलिमीटरने कायमचा लांब झालेला दिसला, तर तो फेकायचा. आवळताना बोल्ट बनवणाऱ्याने सांगितलेलंच ल्युब्रिकंट लावा. कोरड्या आणि तेल लावलेल्या बोल्टला तोच टॉर्क दिला तर प्रत्यक्ष आवळ बराच वेगळा पडतो.

बेअरिंगच्या फटीचा जुना ठोकताळा असा: जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाचा हजारावा भाग. ४५ मिलिमीटरच्या पिनला ०.०४५. मी मॅन्युअलची मर्यादा ओलांडत नाही, पण त्या मर्यादेच्या ढिल्या बाजूला राहतो आणि ऑइल १० डब्ल्यू ४० वापरतो. जास्त ढिलं केलं तर दाब पडतो, आणि व्हीटेकच्या रॉकरमधल्या पिना ऑइलच्या दाबावरच सरकतात, हे विसरू नका. फट प्लास्टिगेजने (दाबून चपटा होणाऱ्या मऊ धाग्याने) मोजली तर चालेल, पण मोजताना क्रँक फिरवू नका. बोअर गेज आणि मायक्रोमीटर असेल तर उत्तम. शेलची जाडीही मोजा. एका पुरवठादाराकडून आलेल्या एकाच डब्यातले शेल मला एकमेकांशी न जुळणारे मिळालेत. डब्यावरच्या होलोग्रामपेक्षा माझा मायक्रोमीटरवर जास्त विश्वास आहे.

ऑइलचा दाब दर हजार आरपीएमला दहा पीएसआय असावा, म्हणजे ७००० ला सत्तरच्या आसपास. पंपाचे रोटर मोजा, ओरखडे असतील तर पंप नवा. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवणारे मेस्त्री आहेत. त्याने गेज खूश होतं, बेअरिंगला जास्तीचं ऑइल मिळेलच असं नाही. त्याऐवजी चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) बॅफल, म्हणजे आडपडदे, लावा. घाटात लांब डाव्या वळणावर ऑइल एका बाजूला चढतं, पिकअप उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. स्ट्रेनरभोवती चार पत्र्यांची पेटी, आत उघडणाऱ्या दोन झडपा, एवढ्याने ऑइल जागेवर राहतं. लेव्हल डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा. खुणेच्या वर भरलं तर क्रँक ऑइलला घुसळून फेस करतो, आणि फेस पंपातून गेला तर दाब पडतोच.

रिंगेची फट ७५ मिलिमीटरच्या बोअरला ०.३० च्या आसपास. जराशी जास्त झाली तर फारसं बिघडत नाही. कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ, तिरकी न होऊ देता ढकलून मगच फीलर घाला. चारही पिस्टन एका ग्रॅमच्या आत जुळवा, रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोला. क्रँकच्या पुलीत रबराचा थर असेल तर तो तपासा. तडे गेले असतील किंवा बाहेरची रिंग सरकली असेल तर नवी पुली. हलकी ॲल्युमिनियमची पुली लावायचा मोह टाळा. ते रबर क्रँकची पिळवटणारी थरथर गिळतं.

हेड

हेडची पातळी सरळ पट्टी ठेवून बघा. ०.०५ पेक्षा जास्त वाकलं असेल तर घासायला द्या, पण जेवढं लागेल तेवढंच. हेड खाली आलं की टायमिंग बेल्टच्या इंजिनात कॅम थोडा मागे पडतो. जास्त घासलं असेल तर हलवता येणारी कॅम पुली लागते.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये कंजुषी नको. वीस-पंचवीस वर्षांची स्प्रिंग दिसायला ठणठणीत असते पण दाब हरवलेला असतो. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडतो आणि पिस्टनला भेटायला जातो. प्रत्येक स्प्रिंगचा दाब बसलेल्या उंचीवर मोजा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना स्प्रिंगच्या कड्यांमध्ये मिळून दीड मिलिमीटरची जागा शिल्लक राहते का तेही बघा. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून हेड तात्पुरतं बसवा, क्रँक हाताने दोनदा फिरवा, काढून गोळा कापा. इनटेकला किमान २, एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर जाडी उरली पाहिजे. एक्झॉस्टला जास्त, कारण तो गरम होऊन लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो. मूळ कॅम ठेवला तरी हे करा, हेड घासलेलं असेल तर नक्कीच.

व्हीटेकच्या सोलेनॉइडची (ऑइल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची) जाळी आणि सील काढून बघितल्याशिवाय परत बसवू नका. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच नवे. बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह वाकतात. पोर्टिंगबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, मी एवढंच सांगतो: गॅस्केटशी तोंड जुळवा, सीट तीन कोनांत करून घ्या, बाकी पोर्टला हात लावू नका.

बाकीचं

हवा, वीज आणि पेट्रोल थोडक्यात. उघडा कोन फिल्टर कोकणात नको. चिऱ्याच्या खाणीच्या रस्त्यावरून एकदा गेलात की जांभ्याची लाल धूळ इनटेकमध्ये दिसते, आणि ती रिंगा खाते. मूळचा बंद डबा ठेवा, हवा बंपरच्या वरून घ्या. खाऱ्या हवेने अर्थिंगच्या वायरी आतून हिरव्या होतात, वरून कळत नाही, आणि ६५०० ला मिसिंग सुरू होतं. ब्लॉक ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी या वायरी नव्या टाका. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण आणि रोटरही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप त्यात फुगतात, ते बदला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ पडू शकतं. वाइडबँड सेन्सर (सायलेन्सरमधल्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावून वरच्या आरपीएमला लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८८ च्या आसपास येतो का बघा. पातळ मिश्रणावर नॉकिंग सुरू झालं तर खालची सगळी मेहनत वाया.

कागदपत्रांचंही बघा. ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासला जाणार नाही हे मशीनवाल्याला आधी बजावा, आणि ब्लॉक बदलायचा झाला तर आरटीओत नोंद केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

पहिली सुरुवात

स्पार्क प्लग काढा, इंजेक्टरच्या वायरी सोडा आणि गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारा. मग दोन्ही परत लावून सुरू करा. या हेडमधले रॉकर कॅमवर घासत चालतात, म्हणून सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नका. कॅमला ल्यूब लावलेलं असलं तरी २००० च्या आसपास वर-खाली करत वीस मिनिटं चालवा. डोळा दाबावर आणि पाण्याच्या तापमानावर. बंद करा, भरलेलं मिनरल ऑइल काढा, फिल्टर करवतीने नको, पाइप कटरने कापा आणि कागदाच्या घड्या उलगडून उन्हात बघा. केसासारखी बारीक चमक चालते. सोललेले पापुद्रे दिसले तर गाडी हलवू नका.

रिंगा बसतात त्या ओझ्याखाली. हातखंब्यापर्यंत हळू चालवत नेऊन परत आणलं तर काही साधत नाही. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० ते ५००० दाबून न्यायचं, मग पाय काढून इंजिन ब्रेकवर खाली यायचं, असं पुन्हा पुन्हा. पहिल्या शंभर किलोमीटरला ऑइल बदला, मग ५०० ला, मग १५०० ला, आणि दरवेळी फिल्टर कापा. ५०० ला टॅपेटची फट थंड इंजिनावर तपासा. १५०० पर्यंत सिंथेटिक भरू नका, रिंगा बसायला वेळ लागतो.

१५०० ला लीकडाउन परत करा. चारही आकडे दहाच्या आत आणि एकमेकांच्या जवळ असतील, ऑइल उकळत्या पाण्याइतकं गरम असताना ६००० ला साठ पीएसआय मिळत असेल, तर त्या दिवसापासून ७२०० तुमचे. एखादं सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पाच-सात टक्क्यांनी जास्त गळत असेल तर आणखी पाचशे किलोमीटर ओझ्यावर चालवून पुन्हा मोजा. तरीही गळती तेवढीच राहिली तर हेड उतरवा आणि त्या सिलिंडरची व्हॉल्व्ह सीट आधी बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो, बोअरपर्यंत जावं लागत नाही.